तंतोतंत जुळलेले फ्राइज

त्या घरात नवरा-बायकोचं भांडण कधी शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही. दोघंही सभ्य होती. एकमेकांचा जीव हळू आवाजात घेत. नवरा रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचा. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन आलं, की हुबेहूब तोच रंग करून द्यायचा. घरी मात्र त्याला काहीच जुळत नसे. भाजी करपलेली, डाळ पातळ, चहा कोमट. जेवणाला नावं ठेवल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसरा कुठला छंद बिचाऱ्याला नव्हता.

त्या दिवशी बायकोचा थोरला भाऊ जेवायला होता. हा कोर्टात कारकून. त्याच्या देखत नवरा म्हणाला, "खाणं म्हणजे कोपऱ्यावरच्या हॉटेलातले फ्राइज. काय तो वरचा मसाला! नाहीतर हे."

'हे' म्हणजे ताटातलं सगळं, आणि वाढणारीसुद्धा.

"करून दाखवा," बायको म्हणाली.

"काय?"

"फ्राइज. अगदी तसेच. रविवारी, दादासमोर. जमले तर जन्मभर नावं ठेवा. नाही जमले तर पानात पडेल ते मुकाट गिळायचं."

"मी साक्षीला आहे," दादा खुशीत म्हणाला. "जावईबापू, विचार करून हो म्हणा. पुढे अपील नाही."

"अपिलाची पाळी तुमच्या बहिणीवर येईल."

एकुलत्या एका छंदावर गदा आलेली. नवरा पेटलाच.

शनिवारी त्यानं हॉटेलातून फ्राइजचं पाकीट आणलं. खाल्लं नाही. मसाला पांढऱ्या कागदावर झटकला, खिडकीच्या उजेडात धरला आणि मान तिरकी करून पुटपुटला, "लाल चढलाय. खाली पिवळा आहे."

मग त्यानं बायकोचे डबे उघडले. लालसाठी तिखट, पिवळ्यासाठी हळद, काळपट झाक यायला कॉफीची पूड आणि उजळपणा आणायला खायचा सोडा. चिमूट टाकायची, बोटानं कागदावर ओढायची, दोन्ही पट्टे शेजारी धरायचे. संध्याकाळपर्यंत शेड अशी जुळली, की कारखान्यात मालकानं पाठ थोपटली असती. चाखून मात्र पाहिली नाही. कारखान्यात रंग चाटून बघायची पद्धत नसते. हाताला लागलेलं तोंडात जाऊ द्यायचं नाही, ही इतक्या वर्षांची शिस्त.

मिठाच्या डब्याचं झाकण निघालंच नाही, हे बायकोनं दारातून पाहिलं. ती तशीच मागे फिरली. मुरलेल्या संसारात अशा पुष्कळ गोष्टी न बोलता होतात.

रविवारी त्यानं बटाटे एकाच जाडीचे कापले, गार पाण्यात ठेवले, फडक्यावर पसरले आणि वरून वारा सोडला.

"तो माझा हेअर ड्रायर आहे."

"बटाटा कोरडा हवा."

"माझे केस ओले असताना कधी एवढी काळजी केली नाहीत."

"केस तळायचे नव्हते."

एकदा मंद आचेवर, एकदा मोठ्या आचेवर तळून त्यानं मसाला भुरभुरवला. टेबलावर दोन बशा आल्या: एक हॉटेलातून नुकत्याच आणलेल्या फ्राइजची, एक घरची. दादानं चष्मा पुसला, दोन्हींवर वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"घरचे कुठले?"

"बघा!" नवरा म्हणाला. "ओळखूच येत नाहीत. द्या निकाल."

"बघून निकाल देत नाहीत, जावईबापू. ऐकून देतात. इथे खाऊन."

त्यानं घरचा एक उचलला. कोर्टात खुनाचे खटले ऐकताना त्याचा चेहरा हलला नव्हता. आता हलला. तो उठून बेसिनकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "साबण आहे! कडू, अळणी, तिखट साबण!"

नवऱ्यानं एक तोंडात टाकला. चावला. थांबला. समोर बायको हाताची घडी घालून उभी होती. पानात पडेल ते मुकाट गिळायचे सगळे दिवस त्याला एकदम दिसले, आणि त्यानं घास गिळला.

"तंतोतंत," तो म्हणाला. "हॉटेलचेच. दादांना जीभ नाही."

दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. बशी संपवली.

"डोळ्यांत पाणी आलंय," बायको म्हणाली.

"आनंदाचं."

"अगं, हा माणूस धडधडीत खोटं—" दादा टॉवेल घेऊन धावत आला.

"थांब, दादा. जिंकले ते. मी हरले." तिनं कढईशेजारचा उरलेला घाणा आणून नवऱ्याच्या बशीत ओतला, हॉटेलची बशी स्वतःपुढे ओढली आणि निवांत बसली. "आता बाहेरचं आणायचं कारणच नाही. दर रविवारी हेच करा तुमच्यापुरते. बुधवारीही केलेत तरी माझी हरकत नाही. आणि नावं ठेवायला मोकळे आहात हं, कबूल केलंय मी. ठेवा ना. काही कमी-जास्त झालंय का?"

दादा खुर्ची ओढून बसला आणि बहिणीच्या बशीतला एक उचलून बघत राहिला.

नवऱ्यानं घास या गालातून त्या गालात नेला.

"नाही," तो म्हणाला. "छान झालंय."

त्या टेबलावर हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.