पाट्या पुसा

"आता पाट्या पुसा," फिलोमिनाबाई सहज म्हणाल्या. समोर शाळेच्या ओट्यावर चौदा बायका, चौदा पाट्या. एकीचाही हात हलेना.

"ऐकू नाही आलं का? उद्या साहेब तपासणीला येणार. नवा शब्द घ्यायचाय."

भागूबाईने पाटी छातीशी घट्ट धरली. "बाई, माझं कुकू पुसाया सांगता व्हय?"



महिनाभर त्या या प्रौढ वर्गापायी जिवाचं रान करत होत्या. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका 'नळ', 'गवत' गिरवता गिरवता पेंगायच्या. हजेरी पाचावर आली होती. उद्या निदान दहाजणी लिहिताना दिसल्या नाहीत तर वर्ग बंद होणार होता. मग बाईंनी शक्कल लढवली. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ना? मग हाताने घ्या! नाव शेजारणीने सांगायचं, बाईंनी पाटीवर घालून द्यायचं आणि जिचं तिने गिरवायचं. वर्गाला नुसती जत्रा लोटली.

"तुजं बरं हाय गं, छगन! काना न्हाई का मात्रा न्हाई," चांगुणा भागूबाईला नवऱ्याच्या नावावरून चिडवायची. "आमचं बघ, अर्धं अक्षर दुसऱ्याच्या गळ्यात पडलंय." चांगुणाच्या नवऱ्याचं नाव बन्सी.

आज पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांनी न बघता नाव लिहिलं होतं. बाई हरखून गेल्या होत्या. ते नाव पुसायला सांगणं म्हणजे काय, हे लग्नच न केलेल्या बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

"बरं, द्या इकडं. मी पुसते," त्या म्हणाल्या, आणि आगीत तेल पडलं.

"आगं बया बया! परक्या हातानं?" मुक्ताबाई ताडकन उठली. तिच्यामागे बाकीच्याही उठल्या.  स्वतःच्याच हाताने फिलोमिनाबाईंनी वर्ग मोडला होता.

चांगुणा तेवढी बसून होती. बन्सी नऊ वर्षांपूर्वी सुरतेला कामाला म्हणून गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. तरी तिचं कुंकू रोज ठसठशीत. तिने पाटीकडे एकदा पाहिलं, पदराचा शेव हातात घेतला आणि नाव पुसून टाकलं.

"आगं आये! काय केलंस गं हे?" भागूबाई किंचाळली.

चांगुणाने मान वर केली नाही. पेन्सिलीची पांढरी भुकटी लागलेल्या त्या शेवाला तिने गाठ मारली, गाठ कमरेला खोचली.

"पुसलं न्हाई, जवळ ठिवलं," ती म्हणाली. "आता माजं नाव घालून द्या, बाई."

बाईंनी 'चांगुणा' घालून दिलं. उठलेल्या बायका परत खाली बसल्या. भागूबाई आपल्या पदराचा शेव चाचपू लागली, आणि मग एकेकीने शेवाने नाव पुसून गाठ मारली आणि स्वतःचं नाव घालून मागितलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चौदाजणींनी आपापलं नाव लिहिलं. वर्ग टिकला. बाकीच्यांच्या गाठी रात्रीच घरी सुटल्या होत्या. घरात माणूस होता. चांगुणाची गाठ मात्र तशीच कमरेला होती.