इद्दतीतले गाल

मिदेल्त गावचा हिवाळा कुणाचीच गय करत नाही. अयाशीच्या डोंगरावर बर्फ पडला की तिकडून जो कोरडा वारा सुटतो, तो आधी माणसाचं तोंड गाठतो. पोरांचे गाल उलतात, बायांचे ओठ फुटतात, आणि म्हातारे हसायचं टाळतात, कारण हसलं की ओठाच्या कोपऱ्यातून रक्त येतं. गावातल्या बायका याचं फार कौतुक करत बसत नाहीत. लोणी लावायचं, तेल लावायचं, काहीच नसलं तर मेंढीची चरबी चोळायची आणि कामाला लागायचं. पण त्या वर्षी हद्दाच्या घरात एक चेहरा असा होता, की त्याला यातलं काहीच लावायची मुभा नव्हती.

तो चेहरा तुरियाचा, हद्दाच्या सुनेचा. सफरचंदांचा हंगाम संपत आला होता तेव्हा हद्दाचा मुलगा हम्मू भरलेला ट्रक घेऊन घाट उतरत होता, आणि उतरलाच नाही. तुरियानं पांढरे कपडे घातले आणि इद्दतीत, नवऱ्याच्या सुतकात, बसली. चार महिने दहा दिवस मेंदी नाही, काजळ नाही, अत्तर नाही, नटणं म्हणून काही नाही. आता नटणं म्हणजे नेमकं काय, ते ज्या त्या घरातली म्हातारी ठरवते. या घरात ते हद्दा ठरवायची, आणि हद्दानं सगळंच नटण्यात जमा केलं. क्रीम नाही, तेल नाही, लोणीसुद्धा नाही.

पोरगी मेक्नेसची, खालच्या उबदार गावातली. वरून कामाचा रगाडा. अंगणातल्या भट्टीत भाकरी भाजायची तर समोरून आगीची झळ आणि पाठीमागून बर्फाचा वारा. पाच वेळा नमाजाआधी वजू करून हात-तोंड धुवायचं, तेही हौदाच्या गारठलेल्या पाण्यानं, आणि तोंड न पुसता तसंच वाऱ्यात जायचं. आधी तिचे गाल लाल झाले, मग खरखरीत झाले, मग त्यांवरून पापुद्रे निघायला लागले. जानेवारी लागला तेव्हा नाकपुड्यांशी आणि हनुवटीवर बारीक भेगा पडल्या होत्या. बोलताना ती तोंड पूर्ण उघडायची नाही.

शेजारच्या फदमाला हे बघवेना. फदमा म्हणजे सगळ्या गल्लीच्या भानगडीत नाक खुपसणारी बाई, पण मनानं वाईट नव्हती. तिनं एकदा हद्दाला भिंतीवरूनच हाक मारली आणि सांगितलं की औषध म्हणून लावलेलं चालतं, हवं तर मशिदीतल्या फकीहला विचार. हद्दानं तिला असं उत्तर दिलं की फदमा आठवडाभर भिंतीपाशी फिरकली नाही. माझा मुलगा मातीत आहे आणि तुला माझ्या सुनेच्या गालांची पडलीये, असं काहीसं ती म्हणाली होती.

खरं सांगायचं तर हद्दाला फकीहला विचारायची गरजच नव्हती. औषध चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. चेहरा कसा सांभाळायचा हे तर त्याहून पक्कं ठाऊक होतं. तुरिया नवी नवरी म्हणून आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिचे गाल असेच उलले होते, तेव्हा याच हद्दानं तिला समोर बसवून सगळं शिकवलं होतं. शेगडीला तोंड देऊन बसू नकोस, पाठ दे. पाणी कोमट घे, कढत नको आणि गारही नको. हमाममध्ये पाठ घास हवी तेवढी, पण तो खरबरीत हातमोजा तोंडाला लावशील तर बघ. तोंड पुसताना रगडू नकोस, टिपून घे, आणि ओलसर आहे तोवरच तेल लाव, म्हणजे पाणी आतच राहतं. गावभर तेव्हा चेष्टा झाली होती की हद्दानं सून आणली आहे की दुभती गाय, किती ते लाड.

आता तीच हद्दा गप्प बसून बघत होती. आणि का बसली होती, तेही तिला ठाऊक होतं, म्हणूनच ती स्वतःवर चिडलेली असायची आणि राग भांड्यांवर काढायची. मार्चमध्ये इद्दत संपणार. संपली की मेक्नेसहून तुरियाचा भाऊ येणार. बहिणीला घेऊन जाणार, तिच्याबरोबर चार वर्षांची तूदाही जाणार. तुरियाचं वय ते काय? पुन्हा गाल भरतील, कुणीतरी मागणी घालील. मग या घरात हद्दा आणि तिच्या कोंबड्या. हे सगळं हद्दा दिवसभर मनात घोळवायची, आणि तुरियाचा फुटलेला चेहरा बघून तिला कुठेतरी बरं वाटायचं. अशा चेहऱ्याला कोण विचारतंय, असं वाटायचं. वाटलं की लगेच तिची तिलाच किळस यायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटायचंच.

डिसेंबरात मेक्नेसहून तुरियाच्या बहिणीनं एक पुडकं पाठवलं होतं. त्यात गुलाबाच्या वासाच्या क्रीमची डबी होती. तुरियानं ती न उघडताच सासूपुढे ठेवली. हद्दानं डबी कपाटावर टाकली आणि म्हणाली, दिवस संपले की घे. तुरियानं मान हलवली. ती वाद घालणारी असती तर हद्दाला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी हद्दा बाजाराला गेली. वाऱ्यानं नुसता पिच्छा पुरवला होता. सलगम, थोडं मटण आणि मिठाची पुडी घेऊन ती लवकरच परतली. दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकली. घरात गुलाबाचा वास दरवळत होता.

तिनं आधी कपाटाकडे बघितलं. डबी नव्हती. हद्दाच्या डोक्यात सणकच गेली. म्हणजे आपली पाठ वळायची वाट बघत होती तर! वर साळसूदपणे मान हलवत होती. त्या रागात, लपवून कशाला, एक प्रकारचं समाधानही होतं. इतके दिवस आपण वाईट होतो, आता हीही वाईट निघाली. फिट्टंफाट. पिशवी तिथंच टाकून ती तरातरा स्वयंपाकघरात गेली.

वाटेतच तूदा येऊन तिच्या पायांना बिलगली. तिनं आजीकडे तोंड वर केलं तर गुलाबाचा वास भसकन तिच्याच गालांवरून आला. काल रात्रीपर्यंत पोरीचे गाल तांबडेलाल होते, आता त्यांवर ओलसर चकाकी होती. आईनं लावलं, आता झोंबत नाही, असं तिनं मोठ्या दिमाखानं सांगितलं आणि दुसरा गालही दाखवला.

हद्दानं पुढे बघितलं. तुरिया शेगडीपाशी उकिडवी बसली होती. तिनं शेगडीतली राख मूठभर काढून घेतली होती आणि त्या राखेनं ती आपली बोटं घासत होती. एकेक बोट, नखांपर्यंत, खरकटं भांडं घासावं तशी. सासूची चाहूल लागली तशी ती गडबडून उठली. तिच्या गालांवर पापुद्रे तसेच होते. ओठाच्या कोपऱ्याला रक्ताचा वाळलेला ठिपका होता.

"पोर रात्रभर रडत होती, लल्ला. गालांना हात लावू देत नव्हती. तुम्हाला न विचारता डबी काढली, चुकलं माझं." सासूला मानानं लल्ला म्हणणाऱ्या त्या पोरीनं मग राखेनं माखलेले दोन्ही हात पुढे केले. "पण मी स्वतःला नाही लावलं. बोटाला लागलेलं होतं, तेही घासून काढलं. वास घेऊन बघा हवं तर."

हद्दानं त्या हातांकडे बघितलं. कुठल्याही बाईनं लेकराच्या तोंडाला तेल लावलं की ती उरलेलं आपसूक आपल्या तोंडावर फिरवते. हात धुवायच्या आधी, विचार करायच्याही आधी. आणि या पोरीनं ते राखेनं घासून काढलं होतं. कुणाला घाबरून? देवाला? देवानं असलं काही मागितलं नव्हतं. ज्या म्हातारीनं मागितलं होतं ती समोर उभी होती.

हद्दानं कोठीचं दार उघडलं आणि आत गेली. कोपऱ्यात, डाळींच्या डब्यांमागे अर्गनच्या तेलाची बाटली होती. हम्मू सफरचंदं घेऊन खाली अगादिरकडे जायचा, तेव्हा येताना वाटेवरच्या बायकांकडून हे तेल आणायचा. चेहऱ्याला लावायचं नव्हे, खायचं, भाजलेल्या बियांचं, खरपूस वासाचं. सकाळी वाटीत ओतून भाकरी बुडवून खायचा. तो गेल्यापासून त्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता. निम्मी शिल्लक होती.

हद्दानं किटलीतलं पाणी वाडग्यात घेतलं, त्यात गार पाणी घालून कोपरानं अंदाज घेतला. जुन्या सुती ओढणीचा तुकडा फाडला. मग शेगडीपासून लांब, भिंतीशी चटई सरकवली आणि तुरियाला खूण केली. तुरियाची नजर बाटलीवर गेली आणि ती मागे सरली.

"दिवस संपले नाहीत अजून, लल्ला."

"ठाऊक आहे. तुझ्यापेक्षा नीट मोजतेय मी."

"लोक काय म्हणतील?"

"हे भाकरीचं तेल आहे गं. भाकरीचं तेल चोपडून आजवर कुठली बाई नटली आहे? कुणी विचारलं तर म्हणावं, या, वास घ्या. स्वयंपाकघराचाच येईल. आणि फदमाचा जीव तर गेला महिनाभर टांगणीला लागलाय, ती तरी सुटेल."

तुरिया बसली. हद्दानं फडकं कोमट पाण्यात बुडवून तिच्या चेहऱ्यावर नुसतं ठेवलं, दाबलं, उचललं. रगडलं नाही. पापुद्रे मऊ झाले. मग तळहातावर तेलाचे थोडे थेंब घेऊन तिनं हात हातावर चोळले आणि ओल्या गालांवर टेकवले. कपाळ, नाकाच्या कडा, हनुवटी, शेवटी ओठांचे कोपरे. तुरियानं आधी श्वास रोखून धरला होता. तो सोडला आणि पुन्हा आत घेतला, तेव्हा वास तिच्यापर्यंत पोचला. भाजलेल्या बियांचा, वाटीचा, सकाळच्या वेळेचा वास. हम्मूच्या बोटांना दुपारपर्यंत हाच वास असायचा.

तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. हद्दा घाईनं म्हणाली की रडू नकोस, खारट पाणी भेगांना झोंबेल. मग तिचा हात थांबला.

"रड," ती म्हणाली. "रड हवी तेवढी. मी परत लावीन."

तुरिया रडली. हद्दा फडक्यानं टिपत राहिली आणि पुन्हा तेल लावत राहिली. तूदा दारात उभी राहून दोघींकडे बघत होती, मग कंटाळून कोंबड्यांकडे गेली. ती गेल्यावर हद्दा बोलली. सुनेच्या डोळ्यांकडे न बघता, हनुवटीकडे बघत बोलली.

"औषध चालतं हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला वाटायचं, तुझं तोंड असंच फुटकं राहिलं तर तुला कुणी नेणार नाही. पोर घेऊन तू इथंच राहशील. असं वाटत होतं मला, तुरिया. तुझ्या तोंडावर सांगते."

बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. हद्दाला वाटलं, आता ही उठेल, आतल्या खोलीत जाईल आणि मार्च येईपर्यंत आपल्याशी बोलायची नाही. तिचंही काही चुकणार नाही. हद्दानं तेलाच्या बाटलीचं बूच शोधायला हात पुढे केला.

तुरियानं तिचा हात धरला.

"जाणार की राहणार, ते मला अजून कळत नाही," ती म्हणाली. "भाऊ येईल, मी त्याला काय सांगीन तेही ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू? पण एक सांगा. नवऱ्यासाठी बाईला चार महिने दहा दिवस. मुलासाठी आईला किती?"

"तीन दिवस," हद्दा म्हणाली. हे तर कुणालाही ठाऊक असतं.

"तीनच ना? मग तुमचे गाल का फुटलेत?"

हद्दानं हात गालाला लावला. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं, जुन्या गोणपाटासारखं. भेग हनुवटीपर्यंत गेली होती, आणि दाबल्यावर दुखली. केव्हापासून होती कोण जाणे. हम्मूला मातीत ठेवून आल्यापासून तिनं तोंडाला काही लावलं होतं की नाही, हे तिला आठवेना. तिला कुणी मनाई केली नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं. भेटायला आलेल्या बायका सुनेला जवळ घेऊन बसायच्या, तोवर ती चहा करायची.

तुरियानं वाडगा आपल्याकडे ओढला. फडकं पिळलं, तळहातावर तेल घेतलं, हातावर हात चोळले.

"आज तरी मी इथं आहे," ती म्हणाली. "तोंड इकडे करा, लल्ला."

हद्दानं डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.