स्वयंपाकघरापर्यंत रेंज

"मम्मी, आता तासभर नेट नाही हं," रोनक स्टुलावरून ओरडला. दिवाणखान्याच्या भिंतीवरचा इंटरनेट कंपनीचा जुना राउटर त्याने खिळ्यावरून उतरवला होता आणि त्याची वायर गळ्यात अडकवून तो पेचकस शोधत होता.

"तासभर म्हणजे किती?" मागून स्वयंपाकघरातून धनकुंवरने विचारलं.

"तासभर म्हणजे तासभर."

"पंखा लावतानाही तासभरच म्हणाला होतास. दोन दिवस घामाघूम झालो होतो आम्ही."

रोनकला हसू आलं. हा सगळा उपद्व्याप खरं तर तिच्यासाठीच चालला होता. त्यांचं एरंडोलचं घर म्हणजे पेठेतल्या जुन्या घरांसारखं, रुंदीला बोगद्याएवढं आणि लांबीला आगगाडीएवढं. राउटर पुढे, स्वयंपाकघर शेवटी, आणि मधे दीड-दीड हात जाडीच्या तीन भिंती. रेंज दुसऱ्या भिंतीशीच दम तोडायची. धनकुंवरकडे रोनकचा जुना फोन होता. त्यात सिम नव्हतं, घरच्या वायफायवर चालेल तेवढाच चालायचा. मग ती पोळी तव्यावर टाकून पुढे दिवाणखान्यात यायची, फोन बघायची आणि पोळी जळल्याचा वास आला की मागे पळायची. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी तिने या एका घरात जेवढी पायपीट केली, तेवढ्यात ती सहज धुळ्याला जाऊन आली असती.

फोनवर ती ना मालिका बघायची ना नातेवाइकांचे सुप्रभात. तिला एकच ग्रुप हवा असायचा, 'विहार सेवा'. साध्वीजी आज कुठून निघाल्या, कुठे मुक्काम, उद्या किती किलोमीटर, हे सोबत चालणारी मुलं त्यात रोज टाकत. त्या साध्वींमध्ये एक होत्या मृदुताश्रीजी. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत त्या याच घरात राहत होत्या, त्यांचं नाव विधी होतं आणि त्या रोनकच्या पाठीवर धपाटे घालत.

दीक्षेला आई-वडिलांचं आज्ञापत्र लागतं. वडिलांनी, इंदरचंदनी, सही केली, काकांनी केली, शेवटी कागद धनकुंवरपुढे आला. पेन चालेना. दोनदा गिरवलं तरी चालेना, आणि तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात इंदरचंदनी खिशातून दुसरं पेन काढून दिलं. ते चाललं.

त्यानंतर नऊ वर्षांत चार वेळा दर्शन झालं. एकदा नाशकाला, एकदा रतलामला, दोनदा राजस्थानात. प्रत्येक वेळी शे-दोनशे माणसांत खाली बसून आपल्याच लेकीला तीन वेळा वंदन करायचं आणि "साता आहे ना महाराजसाहेब?" असं क्षेमकुशल विचारायचं. "साता आहे," असं उत्तर यायचं. तीन वर्षांपूर्वी इंदरचंद गेले, तेव्हा ती बातमीसुद्धा लेकीला ग्रुपमधूनच कुणीतरी वाचून सांगितली. धनकुंवरने याबद्दल कधी तक्रार केली नाही. धर्म तिला मनापासून मान्य होता. पण आई होती, त्यामुळे एक इच्छा काही केल्या मरत नव्हती. एकदा, फक्त एकदा, या घरात, आपल्या हाताने तिच्या पात्रात भाकरी घालायची.

आणि ती इच्छा बोलून पुरी होणारी नव्हती. साध्वी निमंत्रणाने जेवायला येत नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून रांधलेलं घेत नाहीत, डबा भरून नेलेला तर मुळीच नाही. गोचरीला, म्हणजे भिक्षेला, न सांगता दारात येतात, घरच्यांसाठी शिजलेल्यातलं थोडं घेतात. तेवढ्या वेळात वाढणाऱ्याच्या हाताला कच्चं पाणी लागलेलं नको, हिरवी भाजी नको, विस्तव नको, वीज नको. दिव्याच्या बटणावर बोट असलं किंवा चालू फोन हातात असला, तरी हात असूझता. त्या हातचं चालत नाही. गल्लीतल्या नव्या सुनांना हे सगळं धनकुंवरच शिकवायची. "महाराजसाहेब दिसले की आहात तशा थांबा, धांदल करू नका, फोन असेल तर ठेवायलाही जाऊ नका, दुसऱ्याला वाढू द्या," असं ती इतक्या वेळा सांगायची की सुना पाठीमागे तिची नक्कल करायच्या.

यंदा साध्वीजी धुळ्याहून जळगावला निघाल्या होत्या. वाटेत एरंडोल. त्या पारोळ्याला पोहोचल्याचं ग्रुपवर आलं आणि धनकुंवरने रोनकच्या मागे धोशा लावला, "स्वयंपाकघरात रेंज आण." दोन वर्षं जे काम उद्यावर ढकललं जात होतं, ते चार दिवसांत मार्गी लागलं. तीन पांढऱ्या डब्यांचा संच कुरिअरने आला. एक दिवाणखान्यात, एक मधल्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. एकाने दुसऱ्याला रेंज द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याला.

"आपल्याकडे लग्नात पंगतीत वाढतात ना, तसं," रोनकने समजावलं होतं.

काल संध्याकाळचा निरोप तिला पाठ होता. आजचा मुक्काम सात किलोमीटर अलीकडे शाळेत, उद्या सकाळी एरंडोल. म्हणजे आजचा दिवस हाताशी होता. सून प्रियल लहानग्या अर्हमला घेऊन बोदवडला माहेरी गेली होती, ती रात्रीपर्यंत येणार होती. तरीही धनकुंवरने आज कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, सहा भाकऱ्या टाकल्या. घरात माणसं दोन, त्यातल्या रोनकला कळण्याची भाकरी घशाखाली उतरत नाही.

"सहा कशाला?" रोनकने विचारलं.

"मला खाव्याशा वाटल्या."

"सहा?"

"हो, सहा. तू तुझं बघ."

रोनकचं काही धड चाललं नव्हतं. तास होऊन गेला, दुसरा सरत आला, तरी पहिल्या डब्याचा दिवा लालच. नवा डबा कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड मागत होता, आणि ते दोन्ही कंपनीने कधी सांगितलेलंच नव्हतं. शेवटी त्याने कंपनीच्या जीवरामला फोन लावला. गल्लीतल्या सगळ्या वायरी जीवरामनेच ओढलेल्या होत्या.

"रोनकभाऊ, आमना डबामा काय वाईट व्हतं?" फोन स्पीकरवर होता, त्यामुळे जीवरामचा रुसवा मागच्या खोलीपर्यंत ऐकू गेला.

"वाईट नाही रे, मागे रेंज जात नाही."

"आते डबा तुमना शे, मंग आमनी जबाबदारी नही. रेंज उनी नही तं माले फोन नका करज्यात."

"नाही करणार. पासवर्ड तेवढा दे."

जीवरामने आढेवेढे घेत तो धाडला. एक अक्षर चुकलं, पुन्हा फोन झाला, पुन्हा रुसवा काढला गेला. अकरा वाजायला आले. धनकुंवरचा गॅस केव्हाच बंद झाला होता, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून झाल्या होत्या, ओटा पुसून झाला होता. ती दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघे आणि परत ठेवून देई. बातमी नसली की तिला चालणारे पाय दिसायला लागत. डांबर तापलं असेल. डाव्या टाचेला भेग पडायची हिच्या, लहानपणापासून. आता तिथे कोकमाचं तेल कोण लावणार?

"मम्मी, बघ गं!" रोनक मधल्या खोलीत स्टुलावर चढून उंच फळीवरच्या डब्याचा प्लग दाबून धरत होता. ढिला होता बहुतेक. "तुझा दिवा निळा झाला का?"

स्वयंपाकघरातला डबा लुकलुकला आणि निळा झाला. त्याच क्षणी फोन वाजायला लागला. तीन तास अडलेले निरोप एकामागून एक आले. धनकुंवरने झडप घालून तो उचलला. अंगठ्याने वर सरकवत ती वाचायला लागली, ओठ हलवत, एकेक अक्षर.

'शाळेत परीक्षेचे केंद्र असल्याने मुक्काम रद्द. साध्वीजी थेट एरंडोलकडे.' त्याखाली: 'सकाळी साडेनऊ वाजता एरंडोल जैन स्थानकात सुखरूप प्रवेश.' त्याखाली: 'जळगावला असलेल्या गुरुणीजींची तब्येत ठीक नसल्याने आजच दुपारी चार वाजता जळगावकडे विहार.' आणि सगळ्यात खाली: 'साध्वीजी गोचरीसाठी पेठेत आहेत.'

"मत्थएण वंदामि!" बाहेर ओट्यावरून शेजारच्या कोकिळाचा आवाज आला. तिच्या तोंडी ते वंदनाचे शब्द धनकुंवरनेच बसवले होते.

धनकुंवरने मान वर केली. मधल्या खोलीच्या उंबऱ्यात दोन साध्वी उभ्या होत्या. पुढे एक वयस्कर, मागे मृदुताश्रीजी. पांढरी वस्त्रं, तोंडावर मुखवस्त्रिका, हातात झोळी, झोळीत लाकडी पात्रं. नजर जमिनीवर, चालताना असते तशी. पाय धुळीने पांढरे झालेले.

फोन धनकुंवरच्या हातात होता. निरोप अजून येतच होते, आणि प्रत्येक निरोपाबरोबर तो तिच्या तळव्यात थरथरत होता.

तिला सगळं कळलं. बाकीच्या बायकांना कळायला वेळ लागला असता, तिला क्षणही लागला नाही. तिने फोन ठेवला नाही, टाकला नाही, लपवला नाही. आहे तशी उभी राहिली.

वयस्कर साध्वींनी तिच्या हाताकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या रोनककडे. तो प्लग दाबून तसाच होता.

"बाई, फोन हाथ में है," त्या मऊपणे म्हणाल्या. "घर में और कोई है?"

"नाही, महाराजसाहेब." आपला आवाज इतका साधा कसा निघाला, याचं धनकुंवरलाच नवल वाटलं. "सून माहेरी गेलीय."

"महाराजसाहेब, मी उतरतो, मी वाढतो," रोनक घाईने बोलला. "नऊ वर्षांनी आलात हो तुम्ही! फक्त दोन मिनिटं..."

"रोनक, जागचा हलू नकोस," धनकुंवर म्हणाली.

"पण मम्मी..."

"हलू नकोस म्हटलं ना."

वयस्कर साध्वींनी मान हलवली. "यह घर आज असूझता है. दया पालो." एवढा आशीर्वाद देऊन त्या वळल्या. मागच्या साध्वी अर्धा क्षण उशिरा वळल्या. तेवढंच. नजर त्यांनी वर केली नाही, आणि करायला नको होतीच. धनकुंवरला वाटलं, हिने वर बघावं. मग वाटलं, नको बघू बाई, पक्की राहा. दोन्ही एकदमच वाटलं.

ती त्यांच्या मागोमाग, चार पावलं अंतर ठेवून, ओट्यापर्यंत आली. फोन हातातच. पलीकडच्या ओट्यावर कोकिळा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. पाटलांची सून, घरात अंड्याचासुद्धा विटाळ नाही. साध्वी इतक्या लवकर रिकाम्या परत फिरलेल्या बघून ती उठून उभी राहिली.

"अक्का, काय व्हयनं?"

धनकुंवरने हात थोडा पुढे करून फोन दाखवला. कोकिळाचं तोंड उतरलं. मग तिने पदर सावरला आणि साध्वींपुढे हात जोडले.

"माय, मन्हा घर येवा. भाकर शे."

साध्वी तिच्या ओट्यावर चढल्या. दोन ओट्यांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. धनकुंवर त्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. स्पर्श करायचा नव्हता, पण बोलायला कुणाची बंदी नव्हती.

"कोकिळा, गॅस बंद आहे?"

"कवयचाच बंद शे, अक्का."

"पाण्याला हात लागलाय?"

"नही."

"मग शांतपणे आण. भाजीत लसूण असेल, ती आणू नको. भाकरी आण, ताक असेल तर ताक. पाट-बिट काही मांडू नको."

कोकिळा आत गेली आणि ताटात भाकरी घेऊन आली. मृदुताश्रीजींनी झोळी सोडून पात्र पुढे धरलं. कोकिळाने तिला परकर-पोलक्यात अंगणात लंगडी खेळताना पाहिलेलं होतं, आता तिने घाईघाईने भाकरी उचलली. भाकरी मोडताना तुकडा खाली पडतो की काय असं वाटलं.

"घाई नाही," भिंतीपलीकडून धनकुंवर म्हणाली. "आधी अर्धी घाल."

कोकिळाने अर्धी घातली.

"बस," मृदुताश्रीजी म्हणाल्या.

आवाज तोच होता. नऊ वर्षांत शब्द बदलले, भाषा बदलली, आवाज तसाच राहिला होता, किंचित घोगरा. धनकुंवरने मोकळ्या हाताने भिंतीचा काठ धरला.

"आग्रह कर, कोकिळा. एकदा केलेला चालतो."

"ल्या ना माय," कोकिळा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "आखो अर्धी ल्या. मन्हासाठे ल्या."

मागे घेतलेलं पात्र मधेच थांबलं. मग ते पुन्हा पुढे आलं. कोकिळाने दुसरी अर्धी त्यात ठेवली.

"दया पालो," दोन्ही साध्वी म्हणाल्या आणि ओटा उतरून पुढच्या घराकडे निघाल्या. त्या गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत धनकुंवर उभी होती. मग तिने फोन ओट्यावर ठेवला. घरातून रोनक आला, त्याने आईकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

कोकिळा रिकामं ताट घेऊन भिंतीपाशी आली.

"दुसरी अर्धी घेतली ना त्यांनी?" धनकुंवरने विचारलं.

"लिधी ना, अक्का. तुम्हीन आठेच उभ्या व्हत्यात, देखं ना तुम्हीन."

"पाहिलं गं," धनकुंवर म्हणाली. "तरी तू सांग."

कोकिळाने ताट खाली ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला लागली.