करंडकाशेजारची जागा

माझा जुळा भाऊ आणि मी एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून जोडले गेलो. आमचे सुटे भाग एकाच खोक्यातून निघाले. भावाला वातानुकूलित खोली मिळाली. मला उकाड्यात, पंख्याखाली ठेवले. भाऊ आठव्या महिन्यात बंद पडला. मी आजही चालू आहे.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. मालाडमधल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात रेणूंची गणिते करण्यात माझे आयुष्य गेले. अणूंची एखादी जुळणी कोणत्या आकारात स्वस्थ बसेल, तिला किती ऊर्जा लागेल, हे परीक्षानळीला हात न लावता आकडेमोडीने काढायचे, हे माझे काम. एकेका रेणूला कधी एक दिवस लागे, कधी आठवडा. यंत्राला ऐकू कसे येते, असा प्रश्न तुमच्यातल्या शंकेखोरांना पडला असेल. पडायलाच हवा. आत्मवृत्तात एवढी सवलत असते. ती मला द्या आणि बाकीचे सगळे तपासून घ्या.

आमची निवडच मुळी वादातून झाली. विभागातल्या सर्वेश सरांना काचेच्या कवचाचे, आत रंगीत दिवे असलेले, भारी ग्राफिक्स कार्डाचे एकच मोठे यंत्र हवे होते. अनुपमा मॅडमना नको होते.

"सर, आपला प्रोग्रॅम त्या कार्डाला हातसुद्धा लावत नाही."

"आज नाही लावत. पुढे लागेल ना?"

"वरातीत घोडा लागतो म्हणून रोज कॉलेजला घोड्यावरून यायचं का?"

मॅडम विनोद करीत तेव्हाही हसत नसत. त्यांनी ठिकठिकाणची यंत्रे मागून घेतली आणि प्रत्येकावर एकच रेणू सोडवून पाहिला. बहुतेक वेळा प्रोसेसर हात बांधून बसे, कारण रॅमकडून आकडे वेळेवर पोहोचत नसत. तेव्हा ठरले ते असे: प्रोसेसर मध्यम, रॅम भरपूर आणि स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या जातीची, कच्च्या आकडेमोडीसाठी एक वेगवान डिस्क, आणि एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान, म्हणजे एक अडले तरी काम अडणार नाही.

जोडणीचे काम एल्टनला मिळाले. एल्टन मालाडच्याच एका जुन्या गावठाणातला. कधीकाळी मॅडमच्याच वर्गात बसलेला. "तुमचा विद्यार्थी का?" असे सर्वेश सरांनी बैठकीत एकदाच विचारले. उत्तराची त्यांना गरज दिसली नाही.

एल्टनने आम्हाला घरच्या जेवणाच्या टेबलावर जोडले. त्याच्या आईने बोंबील तळायला घेतले तेव्हा तो ओरडला, "मम्मी, खिडकी उघड गं! पार्ट्सना वास लागेल." आई म्हणाली, "लागू दे. कॉलेजात जाऊन तरी कोणाला भूक लागेल." वासाने यंत्राचे काही बिघडत नाही, असे मला तेव्हा वाटत होते.

महाविद्यालयात भावाला तराजूच्या खोलीत मानाने बसवले. नाजूक तराजूंसाठी तिथे खिडकीत वातानुकूलन यंत्र होते. शेजारच्या फळीवर चांदीचा करंडक होता, निवृत्त झालेल्या गुणाजी सरांनी विभागाला दिलेला. मी गेलो दुसऱ्या टोकाला, मॅडमच्या केबिनमध्ये. माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिका साठत आणि कधी चहाचा कपही. पाहुणे आले की त्यांना भाऊ दाखवीत. मला वाटे, यात काहीतरी काळेबेरे आहे. एकाच खोक्यातल्या दोघांना दोन न्याय का? मित्रांनो, तो हेवा होता. मी त्याला शंका म्हणत होतो.

आणि मग, विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके ऐन भरात असताना, भाऊ एका रेणूच्या मध्यावर थांबला आणि पुन्हा उठला नाही. काही जळाले नव्हते. काही फुगले नव्हते.

एल्टनला बोलावले. तो केबिनमध्ये उभाच राहिला.

"जुने पार्ट घातलेस का रे?" सर्वेश सरांनी सरळ विचारले.

"सर, सगळे सीलबंद होते. बिलं दाखवतो ना."

"बिलं काय, कशीही बनवता येतात."

"मग सर, मी काय दाखवू म्हणजे तुम्हाला पटेल?"

सोमवारी खरेदी समिती बसणार होती आणि एल्टनचे नाव काळ्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव तिच्यापुढे जायचा होता. उपनगरांतली महाविद्यालये एकमेकांना विचारूनच माणसे बोलावतात. मालाडला गेलेले नाव मुलुंडला वेगळे राहत नाही. एल्टनने मॅडमकडे पाहिले. त्या त्याच्या बाजूने बोलतील, असे त्याला वाटले असावे. मलाही वाटले.

मॅडम म्हणाल्या, "तू फसवलंस असं मी मानत नाही. नाही फसवलंस असंही मानत नाही. माझ्याकडे पुरावा कशाचाच नाही."

एल्टनचे कान लाल झाले. "थँक यू, मॅडम," तो म्हणाला. इतके कोरडे आभार मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

मॅडमनी मला भावाच्या जागी हलवायला सांगितले: जागा बदला, बाकी काही बदलू नका. एल्टनने हरकत घेतली, आणि ती रास्त होती.

"मॅडम, हा पण गेला तर सर म्हणतील, दोन्ही भंगारच होते. जागेमुळे गेला की पार्टमुळे, ते कसं कळणार? माझी तर दोन्हीकडून वाट लागली."

मॅडमनी हातातले पेन खाली ठेवले. "बरोबर आहे. नुसती जागा बदलून भागणार नाही. मेलेला आधी उघडून बघू."

मी मात्र तोवर तराजूच्या खोलीत पोहोचलो होतो. गारवा सुखाचा होता आणि म्हणूनच मला संशयास्पद वाटला. मी विजेच्या जोडणीवर संशय घेतला. तराजूंवर घेतला. भावाच्या जागी बसून मी कितीतरी प्रकारे मरणाची कल्पना केली. त्यांतला एकही बरोबर नव्हता.

माझ्यासमोरच्या टेबलावर मॅडमनी भावाचा मदरबोर्ड विभागाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बोर्डावर तांदळाच्या कणीहून लहान असे शेकडो रेझिस्टर असतात. विजेचा प्रवाह ते हिशेबात ठेवतात. त्यांतल्या काहींच्या टोकांना काळी, केसाळ बुरशी आल्यासारखी दिसत होती. एल्टनने मीटर लावला. त्यांतून वीज जातच नव्हती.

"हे जुनं नाही, मॅडम," तो हळूच म्हणाला. "हे खाल्लंय कशानेतरी."

"कशाने?"

त्याला ठाऊक नव्हते. मॅडमनाही नव्हते.

त्याच वेळी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सपनाताई फडके आणि पावडर घेऊन करंडक घासायला आल्या. वार्षिक समारंभ जवळ आला होता.

"परवाच घासला होता मेला, परत काळा! गुणाजी सरांनी आपल्याला टोपी घातली बघा. ही कसली चांदी?"

"असू दे हो, विभागात सगळे तेच म्हणतात," मॅडम सवयीने म्हणाल्या. मग थांबल्या. त्यांनी करंडक हातात घेतला आणि फिरवून पाहिला. भिंतीकडची बाजू पांढरी होती. वातानुकूलन यंत्राकडची बाजू काळी होती.

"सपनाताई, पावडर ठेवा. घासू नका."

मित्रांनो, रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक साधी परीक्षा शिकवतात. लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेला कागद हायड्रोजन सल्फाइड वायूत धरला की काळा पडतो. सडक्या अंड्यांसारखा वास येतो तोच हा वायू. क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकांसाठी आमच्याकडे तो अजून किपच्या उपकरणात, म्हणजे वायू बनवण्याच्या काचपात्रात, तयार करीत. मॅडमनी दोन कागद भिजवले. एक आपल्या केबिनमध्ये लावला, दुसरा माझ्या डोक्यावरच्या हवेच्या जाळीला. शेजारी प्रात्यक्षिक सुरू झाले. ते संपेपर्यंत केबिनमधला कागद पांढराच राहिला. माझ्या डोक्यावरचा आधी तपकिरी झाला, मग काळा.

सर्वेश सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "पण मला इथे कसलाच वास येत नाही."

"तुम्हाला कसा येणार, सर?" सपनाताई म्हणाल्या. "दिवसभर त्यातच असता. माझी पोरगी तर मला दारातच उभी करते. म्हणते, आई, आधी अंघोळ."

नाक थकते. रोजचा वास ते नोंदवेनासे होते. अख्खा विभाग याच नाकाच्या भरवशावर होता.

एल्टन स्टुलावर चढला आणि त्याने वातानुकूलन यंत्राची जाळी काढली. बाहेरची हवा आत घेणारी झडप पूर्ण उघडी होती आणि बाहेर, खिडकीखालच्या चौकात, प्रात्यक्षिकांच्या प्रयोगशाळेचा पंखा हवा फेकत होता.

"ही कोणी उघडली?" सरांनी विचारले.

"मी," मॅडम म्हणाल्या. "संगणक आला तेव्हा. कोंदट हवा त्याला बरी नाही, असं मला वाटलं. तपासलं नव्हतं."

मग सरांनी करंडकाकडे बोट केले. "म्हणजे गुणाजी सरांची चांदी..."

"अस्सल आहे. निकेलचा मुलामा असता तर चकचकीत राहिला असता. खरी होती म्हणून काळी पडली." मॅडम एल्टनकडे वळल्या. "रेझिस्टरच्या टोकांतही चांदीच असते."

एल्टनने झडप बंद केली आणि खाली उतरला. "मॅडम, पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणाला असता ना, 'माझा विद्यार्थी असं करणार नाही'..."

"तर सरांना पटलं नसतं. मलाही नसतं पटलं. आता दोघांनाही पटलंय."

एल्टनने यावर बराच विचार केला. "बरोबर आहे," तो म्हणाला, "पण तेव्हा बरं वाटलं असतं." मॅडमनी मान हलवली. तेवढे त्यांनी पुराव्याविना मान्य केले.

मला त्याच दिवशी केबिनमध्ये परत नेले. त्या मुक्कामाची एक बारीक काळी रेघ माझ्याही अंगावर राहिली आहे.

मित्रांनो, यंत्र निवडताना तुम्ही प्रोसेसर पाहता, रॅम मोजता, किमतीची घासाघीस करता. ते करा. पण त्याला ठेवणार कुठे आणि तिथली हवा कशी आहे, हेही विचारा. आम्ही श्वास घेतो, फक्त आम्हाला खोकता येत नाही. आणि काही बंद पडले तर शंका जरूर घ्या. मात्र ती माणसाच्या माथी मारण्याआधी एक कागद भिजवून पाहा.

सोमवारी समितीपुढे मॅडमनी जे वाचून दाखवले, ते असे होते. क्षारपरीक्षणाच्या प्रयोगशाळेतून चौकात सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू वातानुकूलन यंत्राच्या उघड्या झडपेतून तराजूच्या खोलीत येत होता. संगणकाच्या पंख्यांनी तो आत ओढला. रेझिस्टरमधल्या चांदीचे सिल्व्हर सल्फाइड झाले आणि विजेचा मार्ग तुटला. झडप अनुपमा यांच्या सांगण्यावरून उघडी ठेवलेली होती. सुटे भाग नवे होते. जोडणीत दोष नव्हता.