फाडलेली रशियन पानं

मंजुळाबाईंचा राग आधी हातात उतरायचा. मुठी वळल्या की शाळेतली पोरं समजायची, आज बाईंच्या वाटेला जायचं नाही. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी त्या मंगळवारी ग्रंथालयाच्या कपाटापुढं त्यांच्या मुठी तशाच वळल्या होत्या.

बाई मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या. लहानपणी लासूर स्टेशनच्या बाजारात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं घेऊन एक गाडी आली होती. बापानं घोंगडीत गुंडाळून एक पुस्तक आणून दिलं, आणि पोरीला वेडच लागलं. मास्तरीण झाल्यावर त्यांनी रशियन कथा-कादंबऱ्यांच्या मराठी भाषांतरांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायला घेतल्या. शहागंजची रद्दीची दुकानं पालथी घातली, बिडकीनच्या एका बंद वाचनालयाची पोती उपसली. सव्वीस वर्षांत त्रेसष्ट पुस्तकं झाली. आवृत्ती पहिली की दुसरी, ते शेवटच्या पानावरच्या बारीक रशियन मजकुरातून कळायचं. तेवढ्यासाठी बाई ती लिपी शिकल्या.

पुंडलिकनगरच्या घरात भिंतींना ओल धरली, तेव्हा मनावर दगड ठेवून त्यांनी सगळी पुस्तकं या ग्रंथालयाला दिली. सोबत हातानं लिहिलेलं पत्र होतं : बांधणी करू नये, वरचं वेष्टन काढू नये, एकही पान कापू नये. कार्यवाह आप्पासाहेबांनी शाल-नारळ देऊन फोटो काढून घेतला.

आठ महिन्यांनी पुण्याच्या एका अभ्यासक मुलीनं फोन करून एका पुस्तकाचं छपाईचं साल विचारलं. साल बाईंच्या वहीत होतं, तरी मूळ पानाशी ताडून बघायला त्या आल्या, तर कपाटात तपकिरी रेक्झिनचे एकवीस ठोकळे उभे. तीन-तीन पुस्तकं एकात शिवलेली. कडा छाटलेल्या, चित्रांची वेष्टनं गायब. त्यांनी एक ठोकळा उघडला. शेवटचं पान नव्हतं. दुसरा उघडला, तिसरा उघडला. एकातही नव्हतं.

"आप्पासाहेब, शेवटची पानं कुठं गेली?"

"ती व्हय? त्याच्यावर नुसती रशियन अक्षरं होती, बाई. कोण वाचणार? बाइंडरला म्हणलं, काढून टाक. आता बघा, कशी मजबूत झाली!"

"माझं पत्र वाचलं नव्हतं?"

"फाइलला लावलंय ना."

बाई तडक बाइंडर पुंजारामच्या दुकानात गेल्या. तो खळीचा हात पुसत उठला. "मी साहेबाला इचारलं होतं, बाई. ते म्हणले, रद्दी हाय, वापर." पानं रद्दीत गेली होती; वेष्टनं त्यानं कचेऱ्यांच्या हजेरीपटांच्या पुठ्ठ्यांत अस्तराला घातली होती. बहुतेक पट केव्हाच गेले होते, एक तेवढा शिल्लक होता. बाईंनी त्याच्याच सुरीनं पुठ्ठा उसवला. आतून बर्फातल्या घोडागाडीचं अर्धं चित्र निघालं, तेही सोलताना फाटलं. पुंजारामनं मान खाली घातली. बाईंनी ते फाटकं चित्र पदरात गुंडाळून घेतलं. त्यांचा राग त्याच्यावर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडताच त्या आपली जुनी वही घेऊन आल्या. तीत प्रत्येक पुस्तकाची नोंद होती : साल, छापखाना, प्रती किती. पहिला ठोकळा ओढून त्यांनी त्यातल्या पहिल्या पुस्तकाचं शेवटचं पान जिथं कापलं होतं, त्याच्या समोरच्या कोऱ्या जागेत लाल शाईनं नोंद उतरवली. खाली लिहिलं, 'ही पहिली आवृत्ती होती. हिचं शेवटचं पान या ग्रंथालयानं फाडलं.' आणि ठळक सही केली.

आप्पासाहेब धावत आले. "बाई, हे काय चालवलंय? दान दिलेल्या वस्तूवर हक्क नसतो!"

"हक्क नाय सांगत मी. काय झालं ते लिहितीया."

"मी समितीला सांगून सभासदत्व रद्द करीन!"

"करा."

बाईंना बाहेर काढायला त्यांनी ग्रंथालयाच्या शिपायाला हाक मारली, पण शिपाई कडूबा बाईंच्याच हाताखाली शिकलेला. तो दारातच थबकला, पुढं आलाच नाही. बाई अडीच दिवस लिहीत होत्या. बोटं आखडायची, पाण्यात बुडवायची, की पुन्हा लेखणी. त्रेसष्ट नोंदी, त्रेसष्ट सह्या. राग तसूभर उतरला नाही. उलट दर सहीगणिक वाढतच गेला.

शेवटची सही झाल्यावर आप्पासाहेबांनी तो ठोकळा हिसकून घेतला. "ही सगळी पानं आजच्या आज फाडून टाकतो बघा!"

"फाडा की," मंजुळाबाई टोपण लावत म्हणाल्या. "सवय हाय तुमाला."

आप्पासाहेबांनी पान चिमटीत धरलं. वाचनकक्षातली सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांनी पान सोडलं आणि ठोकळा कपाटात सारला.