नकोशी

काउंटरवर आलेल्या आजोबांचा हयातीचा दाखला तिने मुद्दाम भलत्याच फायलीत सारला आणि म्हणाली, "आज सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

"कालही उद्याच म्हणालात ना, ताई?"

तिने खाली मान घालून पावत्यांवर शिक्के मारायला घेतले. आजोबा काठी टेकत बँकेबाहेर पडले. त्यांना परत बोलवावंसं तिला वाटलं. पण पोटची पोर तिकडे दुसऱ्या शहरात, आजी-आत्यापाशी होती. चार वर्षांची. परवा फोनवर पोरीने आत्याला "आई" अशी हाक मारली आणि फोनवरच्या खऱ्या आईला विचारलं, "कोण बोलतंय?"

बदलीसाठी तिने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. काम चोख केलं की साहेब खूश, साहेब खूश की बदली, असं तिचं साधंसरळ गणित. झालं भलतंच. दर वर्षी साहेबांनी तिला उत्कृष्ट कर्मचाऱ्याचं सन्मानचिन्ह दिलं आणि बदलीचा अर्ज परत केला. "तुम्ही गेलात तर शाखेचं कसं व्हायचं?" खोलीत तीन सन्मानचिन्हं जमली, बघायला घरात कोणी नव्हतं. शेवटी महिन्यापूर्वी तिने ठरवलं, नकोशी झाले तर तरी सोडतील.

दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्रारींचा गठ्ठा होता.

"काय चाललंय हे, मॅडम? महिन्यात अकरा तक्रारी!"

"मग पाठवून द्या ना मला. तुमची कटकट मिटेल."

साहेब चष्मा काढून डोळे चोळत राहिले. माणूस वाईट नव्हता.

"त्याच विचारात होतो. सकाळी तिकडच्या मॅनेजरना फोनही केला. ते म्हणाले, असलं माणूस आमच्या गळ्यात मारू नका."

"आणि आधी, मी चांगलं काम करत होते तेव्हा?"

"तेव्हा ते मागत होते," साहेब हळूच म्हणाले. "मीच सोडलं नाही."

ती काउंटरवर परतली. समोर एक बाई उभी होती. वारलेल्या नवऱ्याचं नाव दोघांच्या खात्यातून काढायचं होतं, आणि त्या नावापाशीच तिचं पेन अडत होतं. हिने उठून तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, फॉर्म स्वतःच भरला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दहा मिनिटांत काम झालंसुद्धा. हातांना वाईट काम करायची सवय लागलीच नव्हती मुळी.

बाईने निघताना तिचे दोन्ही हात धरले.

"तुमच्यासारखं माणूस इथं आहे म्हणून निभावलं, ताई. देव करो आणि तुमची बदली कधी न होवो."

"नाही होणार," ती म्हणाली आणि तिने पुढच्या माणसाला जवळ बोलावलं.