तांबड्या रेघेचे मोजे

"मोजे राहतात," इनास म्हणाला. "कोट जातो, शर्ट जातो, पँट जाते. पण मोज्यांत नायलॉन असलं तर मोजे राहतात. पावलांची बारीक हाडं पिशवीत भरून ठेवल्यासारखी मिळतात. काही हरवत नाही, बाय. तुम्ही घाबरू नका."

एर्मेलिंदा घाबरली नव्हती. इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात ती अकरा वर्षं काम करत होती. तिथल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तिनं आंघोळी घातल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शेवटचीसुद्धा. फक्त आता हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. म्हणून कडेला ठेवलेली रिकामी बादली उचलून तिनं ती पोटाशी धरली.

सकाळचे आठ वाजले होते. सिमितेराच्या, गावच्या दफनभूमीच्या, फाटकापासून तिसऱ्या ओळीत, सातव्या खड्ड्यावर इनासनं पहिली कुदळ मारली.

गावाचं सिमितेर लहान. प्रत्येकाला तीन वर्षं माती मिळायची, मग ती पुढच्यासाठी मोकळी करावी लागे. ज्यांना जमे ते आपल्या माणसाची हाडं धुऊन, पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवत. बाकीच्यांची कपेलामागच्या, छोट्या प्रार्थनाघरामागच्या, हाडांच्या विहिरीत जात. विहिरीवर दगडी झाकण होतं आणि झाकणावर नेहमी सुकलेली झेंडूची फुलं. एर्मेलिंदाचे वडील आनाक्लेत जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हा तिचे कागद अडकले होते, देश सोडता येत नव्हता. वृद्धाश्रमाच्या चादरींच्या खोलीत उभं राहून तिनं फोनवर चाळीस मिनिटं अंत्यविधी पाहिला होता. त्यातली बरीचशी कोणाची तरी पाठच. दुसऱ्या दिवशी तिनं तेव्हाच्या पाद्रींना पत्र लिहिलं, पापांना हलवू नका, मी येते. मांयच्या कोनाड्याखालचा कोनाडा आमच्यासाठी ठेवा. पाद्रींनी दोन्ही गोष्टी केल्या. नोंदवहीत तांबड्या शाईनं लिहून ठेवलं, 'ओळ तिसरी, खड्डा सातवा. मुलगी येईपर्यंत उघडू नये.' मग कागदांत एक वर्ष गेलं, रजेत एक वर्ष गेलं, आणि उरलेली कशात गेली ते तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता कोनाड्यावर बसवायची संगमरवरी फरशी भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर पापांचं नाव होतं. आज त्यांना मांयजवळ ठेवायचं, एवढ्या एका कामासाठी ती आली होती.

आदल्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा शेजारची पिएदाद तिमय किल्ली घेऊन पायरीवरच बसली होती. ही तिमय, गावाची मावशी, पंच्याहत्तरीची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"आलीस? किती दिवसांसाठी?"

"तीन आठवडे, तिमय."

"म्हणजे पाहुणीच. मग पाहुणीसारखी बस, मी चहा करते. तुमच्याकडे दूध आधी घालतात म्हणे कपात. इथे मिळणार नाही तसलं."

चहा पिऊन एर्मेलिंदानं पापांचं कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पाच जोड मोजे होते, दुकानातल्या कागदी पट्टीसकट. करडे, घोट्यापाशी तांबडी रेघ असलेले. दर नाताळाला ती एक जोड पाठवायची. तिच्या इमारतीखालच्या दुकानात ते मिळत आणि पापांचे पाय सदा ओले असत, म्हणून.

पापा मानशीवर कामाला होते. खाडीच्या बांधात पाण्याची लाकडी दारं असतात ती मानस. भरती आली की खारं पाणी शेतात घुसू द्यायचं नाही, ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर सोडायचं. चोवीस तासांत दोनदा भरती, आणि रोज वेळ थोडी पुढे सरकलेली. पापांचं जेवण, झोप, चर्चमधली मिस्सा, सगळं त्या पाण्याच्या मागून. तिनं फोन केला की ते दोन-चार वाक्यं बोलत. थंडी आहे का, जेवलीस का. आणि मग, "भरती येतेय गो, ठेवतो." सहा वर्षं प्रत्येक फोन भरतीनं तोडला. कधीकधी तिला शंका यायची, पण तिनं कधी पंचांगात भरतीच्या वेळा पाहिल्या नाहीत.

"एकदाही घातले नाहीत?" तिनं मोज्यांकडे बघत विचारलं.

"चिखलात मोजे घालून कोण उतरतो? मला म्हणायचा, पोरीला सांगू नकोस, वाईट वाटेल तिला." तिमयनं नाक शिंकरलं. "पण गेला तेव्हा मी घातले. मी स्वतः. सूट घातला, बूट घातले, म्हटलं मोजे तरी लेकीचे असू देत. एक जोड फोडली. म्हणून पाच उरले."

"बरं केलंत."

"त्याच आठवड्यात रुझारलाही मीच तयार केलं. रुझार आठवतो ना? तारवटी?"

एर्मेलिंदाला आठवत होता. तीस वर्षं बोटीवर काढून तो गावात परतला तेव्हा ती शाळेत होती. घराच्या कुलपात किल्ली फिरेना, म्हणून पापांनी दगडानं कुलूप फोडून दिलं होतं. लग्न केलं नव्हतं, भाऊबंद आफ्रिकेत. तो रोज संध्याकाळी मानशीवर येऊन पापांशेजारी बसायचा. जगातली सगळी बंदरं पाहिलेला माणूस आणि गाव न सोडलेला माणूस, दोघं गप्प बसून चार हात रुंदीचं पाणी बघत असत. पापा त्याला मानशीत धरलेल्या कुर्ल्या द्यायचे.

"आनाक्लेत गेला आणि चौथ्या दिवशी तो गेला. वाट बघत असल्यासारखा," तिमय म्हणाली. "त्याच्या घरात धड कपडे नव्हते. बोटीवरचा माणूस म्हणून सगळ्यांना वाटायचं पेटारे भरलेले असतील. पेटाऱ्यात वर्तमानपत्रं होती. मग मी बाजारातून काळे मोजे आणवले नि घातले."

"सिमितेरात जाता का तुम्ही कधी?"

"हे गुडघे घेऊन? दर महिन्याला आनाक्लेतसाठी इनासकडे दोन मेणबत्त्या देते. लावतो बिचारा. दोमिंग असता तर त्यानं फुंकून खिशात घातल्या असत्या." दोमिंग म्हणजे आधीचा खड्डे खणणारा. तोही दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि त्याच्या जागी इनास आला होता.

छातीएवढा खड्डा झाल्यावर इनासनं कुदळ बाजूला ठेवली आणि हातानं माती काढायला लागला. तो चाळिशीचा, अबोल, नीट काम करणारा माणूस होता. खड्ड्याच्या काठावर त्यानं पांढरी चादर अंथरली होती. एकेक हाड वर येत गेलं तसं तो ते माणूस झोपल्यासारखं तिच्यावर मांडत गेला. डोकं फाटकाकडे. हात, बरगड्या, मांड्या. बूट अगदी शेवटी निघाले. तळवे सुटलेले. त्यानं ते हळूच उलटे केले आणि आतलं काढून चादरीच्या टोकाला ठेवलं.

मोजे काळे होते.

एर्मेलिंदानं बादली खाली ठेवली. वाकून तिनं एका मोज्यावरची माती अंगठ्यानं पुसली. मातीखालीही काळंच.

"इनास, हे माझे पापा नाहीत."

इनास खड्ड्यात उभा होता. त्याचं डोकं तिच्या गुडघ्यांच्या उंचीला होतं. त्यानं वर पाहिलं. "तिसरी ओळ, सातवा खड्डा. वहीत आहे. काल रात्री परत बघितलं मी, बाय."

"पापांच्या पायांत करडे होते. तांबडी रेघ असलेले. तिमयनं घातलेत."

त्यानं चादरीवरच्या मोज्यांकडे पाहिलं. मग त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं. तो खड्ड्यातून वर आला, हात पँटला पुसले आणि ओळींकडे बघत राहिला. सगळ्या मिळून सात ओळी. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला मोठा दगडी क्रूस. लाकडी क्रुसांवरची नावं दोन पावसाळ्यांत जायची आणि मग वाळवी क्रूसच नेई. राहायची ती वहीतली ओळ आणि खड्ड्याचा आकडा.

"दोमिंग तिकडे बसायचा," तो म्हणाला. "क्रुसाखाली. सावली होती म्हणून. कुदळ, घमेलं, सगळं तिकडेच असायचं त्याचं." मग फाटकाकडे वळून म्हणाला, "तो तिकडून मोजत असणार. मी फाटकातून येतो. मी इकडून मोजतो."

एर्मेलिंदानंही मोजलं. इकडून तिसरी ती तिकडून पाचवी.

"वहीत पाचवीत सातवा कोण होता?"

"रुझार. त्याचं नाव महिनाभर फळ्यावर लावलं होतं. कोणी आलं नाही. मग मी पाचवी ओळ..." त्यानं क्रुसाच्या बाजूला हात केला आणि तो हात तसाच राहिला. "विहिरीत सोडून दीड वर्ष झालं. तांबडी रेघ होती, बाय. मी बघितली. चांगले जाड मोजे होते, इथले वाटतच नव्हते. मी मनात म्हटलं, तारवटी होता, परदेशातले असणार."

एर्मेलिंदाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. ती हसते आहे हे इनासला कळायला वेळ लागला.

"पापांना मडगावच्या बसमध्ये उलटी व्हायची," ती म्हणाली. "कागदाची पिशवी घेऊन बसायचे."

मग ती क्रुसाच्या पायरीवर जाऊन बसली आणि इनास पाद्रींना बोलवायला गेला.

पाद्री नोंदवही छातीशी धरून आले. तरुण होते, दोन वर्षांपूर्वी या गावात आलेले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"इनास, असं कसं झालं? विचारायचं नाही कोणाला?"

"कोणाला विचारणार होता, फादर?" एर्मेलिंदा म्हणाली. "दोघांनी बरोबरच मोजलंय."

"मी विहीर उघडायला सांगू? मोजे असतील तर..."

तिनं इनासकडे पाहिलं.

"त्यांच्यावर अकरा जण गेलेत, बाय," तो खाली बघत म्हणाला. "आणि मोजे मी काढून जाळले. तशीच रीत आहे. हाडं मात्र धुतली होती मी. कोणी नसलं तरी धुतो. देवाशपथ."

"तुम्ही एकट्यानं?"

"हो. दोन बादल्या."

ती उठून कपेलामागे गेली. झाकणावरची सुकलेली फुलं तिनं एका बाजूला केली आणि दगडावर हात ठेवला. दगड उन्हानं कोमट झाला होता. काही म्हणावं असं तिला वाटलं, पण फोनवरचंच आठवलं. थंडी आहे का. जेवलात का. कोणी तोडणार नाही असं पहिल्यांदाच बोलणं होत होतं, आणि तिच्याकडेच पुढचं वाक्य नव्हतं. तिनं फुलं परत होती तशी ठेवली आणि ती चादरीकडे आली.

चादरीवर रुझार तसाच पडला होता. इनास शेजारी उभा होता, कुठलीही वस्तू न उचलता.

"ह्यांना मग... विहिरीत सोडू?" त्यानं विचारलं.

एर्मेलिंदानं बाह्या वर सारल्या. "पाणी आणा."

तिनं त्याला धुतलं. वृद्धाश्रमात धुवायची तसं, डोक्यापासून सुरुवात करून, घाई न करता, धुऊन झालेला भाग लगेच टिपून झाकत. कानाच्या मागची हाडाची कड, जबडा, मणके एकामागून एक. इनास पाणी घालत होता. काळे मोजे तिनं शेवटी कापले आणि आतली बारीक हाडं ओंजळीत घेऊन मोजल्यासारखी पाण्यातून काढली. तीन बादल्या लागल्या.

पेटी कोनाड्यात गेली तेव्हा पाद्रींनी संगमरवराच्या फरशीकडे पाहिलं. "हिचं काय करायचं?"

"उलटी करा. मागच्या बाजूला रुझारचं नाव घाला."

"आणि तुझ्या वडिलांचं?"

"आत राहू दे. भिंतीकडे तोंड करून."

दुपारी तिमय पायरीवर वाटच बघत होती. एर्मेलिंदानं तिला सगळं सांगितलं. संपल्यावर तिमयनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हणजे दोन वर्षं मी रुझारला मेणबत्त्या लावतेय."

"हो."

"एक तरी त्याला लावायला हवी होती, ते आपोआप झालं." मग पदर खोचत, "आणि तुझ्या मांयच्या पायाशी परका पुरुष आणून ठेवलास गो तू."

"मांयला चालेल. तिला बंदरांच्या गोष्टी आवडायच्या."

"आवडायच्या. तुझा बाप तर काही बोलायचाच नाही." तिमय भिंतीला धरून उठली. "जेवायला ये. आमटी जास्त झालीय."

जेवून ती घरी आली. पाच वर्षं बंद असलेल्या घराची फरशी गार होती. कपाट उघडून तिनं एक जोड काढली. कागदाची पट्टी फाडली. दोन्ही मोजे बोटांपाशी धाग्यानं जोडलेले होते. तो धागा तिनं दातानं तोडला. मोजे पुरुषी मापाचे होते. तिची टाच त्यातल्या टाचेच्या पुष्कळ पुढे येत होती आणि तांबडी रेघ घोट्याच्या वर पार पोटरीपाशी गेली. तिनं ते तसेच राहू दिले.

ती स्वयंपाकघरातून सोप्यात गेली, सोप्यातून मागच्या दारी. पापा या फरशीवरून चालत तेव्हा ओल्या पावलांचा आवाज शेजारपर्यंत जाई. तिच्या चालण्याचा काहीच आवाज होत नव्हता. मागचं दार मात्र उघडताना करकरलं. बांधापलीकडे पाणी चढत होतं.

भिंतीपलीकडून तिमयची हाक आली.

"कोण गो घरात?"

"मी आहे, तिमय," ती म्हणाली. "भरती येतेय."